ऐकलेली घंटा

१

पायविहिरीतला दगड गेल्याची बातमी अर्जुनरावांना भाकर खायला बसले असतानाच कळली. एक जण सांगून गेला की दुसरा येई, आणि येणारा प्रत्येक जण आधीच्यापेक्षा थोडं जास्त सांगे. पोलीस पाटलाचं काम म्हणजे ऐकणं, म्हणून ते ऐकत राहिले. भाकर गार झाली.

उमरटेक हे सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, बाजार संग्रामपूरचा. गावाबाहेर पायऱ्यांची जुनी विहीर आहे. तिच्या मधल्या टप्प्यावर भिंतीत एक कोनाडा, आणि कोनाड्यात हातभर लांबीचा, अक्षरं कोरलेला दगड बसवलेला. तो दगड गावात कोणी वाचलेला नव्हता, पण त्यावर काय लिहिलंय ते पोरासोरांनाही पाठ होतं. भगवानराव गुरुजींनी तीसेक वर्षांमागे गावाचा इतिहास छापून घेतला होता. त्यात होतं की ही विहीर हिरोजी देशमुखांनी बांधली. हिरोजी म्हणजे सरपंच दौलतराव देशमुखांचे पूर्वज.

आज सोमवारी सकाळी पाणी भरायला उतरलेल्या बायांना कोनाडा रिकामा दिसला. दुपारपर्यंत सरपंचांनी चोर धरून चावडीत आणून बसवला होता.

चोर म्हणजे अब्दुल गनी. जात्याला टाकी लावून देणारा, पाटेवरवंटे घडवणारा.

"पहाटं गाडीत घालून नेला त्यानं," सरपंच म्हणाले. "घंटी वाजवत गेला, भेव नाई की लाज नाई. आता त्याचे दोन जाते झाले असतीन. जमादाराले सांगावा धाडला हाय. उद्या दुपारी येतीन न् घेऊन जातीन."

चावडीच्या पायरीवर गनीची बायको सलीमा बसली होती. अर्जुनरावांना पाहून तिनं पदर सावरला.

"पाटीलदादा, जमादार नेईन तं नेईन, चार दिसानं सोडीन बी. पन दगड चोरनाऱ्याच्या हातात जातं कोन देईन? दहा गावची भाकर हाय आमची."

पौषातलं ऊन होतं, तरी अर्जुनरावांचे कान तापले.

२

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी नागपूरहून एक बाई यायची होती. कोकिळा तिचं नाव. विद्यापीठात जुन्या विहिरींवर प्रबंध लिहीत होती. या दगडावर ओला कागद बसवून त्याचा ठसा घ्यायचा आहे, असं पोस्टकार्ड तिनं गुरुजींना पंधरवड्यामागे पाठवलं होतं. गुरुजींनी आपली दमणी, हलकी बैलगाडी, फाट्यावर पाठवली. दमणी हाकायला त्यांचा सालदार गडी कचरू होता. अर्जुनरावही बसून गेले. ज्यासाठी आली तेच नाही, हे निदान नीट शब्दांत सांगावं म्हणून.

बाई पंचविशीची, सावळी, खांद्यावर कागदांची लांब नळी. बातमी ऐकून ती बैलाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "घंटा आहे बैलाच्या गळ्यात. वाजत कशी नाही?"

"जुनी झाली, ताई," कचरू पुढं बघत म्हणाला.

अर्जुनरावांनी तिची समजूत घातली. "तुमी नाराज नोका होऊ. दगडावरचं सारं गुरुजीच्या पुस्तकात हाय. तेच उतरवून घ्या."

"पुस्तक मी वाचलंय, काका. पण ते गुरुजींनी पाहिलेलं. विहीर बांधली तेव्हा पुस्तक नव्हतं, दगड होता. त्याला मला स्वतः विचारायचंय."

"आन् दगडच खोटा बोलला तं?"

"बोलू शकतो," ती हसली. "कोणी कोरवून घेतला, कशासाठी, तेही पाहावं लागतं. पण खोटा बोलला तरी तो त्या दिवसाचा खोटा. पुस्तकातलं खोटं कुठल्या दिवसाचं, ते कळत नाही."

दमणी नाल्यात उतरली. चाकांचा खडखडाट संपल्यावर तिनं विचारलं, "त्या गनीला दगड नेताना कोणी पाहिलं?"

"साऱ्या गावानं."

"साऱ्या गावाची नावं सांगा."

अर्जुनरावांनी मोजायला अंगठा बोटावर ठेवला. एकही नाव आठवेना.

३

संध्याकाळच्या आत ती दोघं सरपंचांच्या ओसरीवर होती.

दौलतराव जोरात होते. "हाव, गनीनंच नेला. पहाटं त्याची गाडी विहिरीकडून गेली. बैलाची घंटी खनखन वाजत होती."

"तुम्ही ऐकली?"

"माह्या कानानं नाई. मी झोपेल होतो. पन कडूबा का खोटं बोलते? चहा पाजते थो साऱ्या गावाले."

कडूबाचं हॉटेल म्हणजे चार बाकडी आणि एक चूल. कडूबानं बाई पाहून बाकडं पुसलं, दोन कप ठेवले आणि सुरू झाला. "गाडी गेली, बाई. खनखन घंटी. दगडाचं वजन पडेल होतं तं चाकं कुरकुरत होते."

"कुरकुर तुम्ही ऐकली?"

"आता बाप्पा, दगड भरला म्हनल्यावर चाकं कुरकुरतीनच ना."

"आणि घंटा?"

"घंटी कचरूनं ऐकली. थो सकाळी चहाले आला, तवा दगड गेल्याचा बोभाटा झाला होता. मी म्हन्लं, कचऱ्या, तू पहाटं ढोरापाशी असतं, तुले काई दिसलं का बे? थो म्हने, गाडी गेली असंन, घंटी वाजली."

"गनीची गाडी, असं म्हणाला?"

कडूबानं ओगराळं चहात तसंच धरलं. "तसं नाई म्हन्ला. मी म्हन्लं. दगडाचा धंदा दुसऱ्या कोनाचा हाय?"

बाकड्यावर बसलेला एक जण खोकला. अर्जुनरावांनी कप खाली ठेवला. सकाळपासून आलेली सगळी माणसं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. प्रत्येक जण पाहून आल्यासारखा बोलला होता.

चावडीत गनी भिंतीला टेकून बसला होता. हातांची बोटं छिन्नी धरल्यासारखी अर्धी वळलेली. कोकिळेनं त्याला एकच विचारलं, "पहाटे गाडी घेऊन कुठं गेला होता, गनीभाऊ?"

"कायची गाडी, बाई? बैल कुठून आनू?" गनीनं अर्जुनरावांकडे पाहिलं. "पाटीलले पुसा. दिवाळीत बैल मेला माहा. गाडी घराच्या मागं उलटी पडेल हाय. तवापासून गाढवावर काम चालू हाय."

अर्जुनराव जागच्या जागी बसले. तो बैल पुरायला माणसं त्यांनीच दिली होती. खड्ड्याशी ते स्वतः उभे होते. आणि आज दिवसभर 'गनीची गाडी, गनीची गाडी' ऐकताना त्यांना एकदाही तो खड्डा आठवला नव्हता.

"तू सकाळीच काऊन नाई बोलला बे?"

"बोललो ना. पन तवा सारे सांगून राह्यले होते."

बाहेर आल्यावर कोकिळा म्हणाली, "काका, दोन माणसं वेगवेगळं पाहतात तेव्हा थोडं वेगळं सांगतात. सरपंच आणि कडूबा दोघंही नसलेल्या बैलाची घंटा सांगतायत. म्हणजे ते दोन साक्षीदार नाहीत. एकाच माणसाचे दोन आवाज आहेत."

"कचरूचे."

"हो. आणि मला अजून एक कळत नाही. ज्याच्या स्वतःच्या बैलाची घंटा वाजत नाही, त्याला घंटाच कशी सुचली?"

४

कोकिळेचा मुक्काम गुरुजींकडे होता. अर्जुनराव तिला पोचवायला म्हणून गेले आणि तिथंच बसले.

भगवानराव गुरुजी सत्तरी ओलांडलेले. स्वच्छ धोतर, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी बाईची विचारपूस केली, वाटेतल्या धुळीची चौकशी केली, कपाशीचा भाव सांगितला. दगडाविषयी बोलेनात. पुस्तक फडताळात होतं, लाल कापडात बांधलेलं. ते त्यांनी काढलं नाही.

"गुरुजी," कोकिळा म्हणाली, "तुमच्या पुस्तकामुळेच मी इथवर आले. त्यात विहिरीचं माप आहे, पायऱ्यांची घडण आहे, झरे कुठून येतात ते आहे. सगळं तुम्ही स्वतः उतरून लिहिलंय, ते वाचतानाच कळतं. फक्त दगडाचं तेवढं एका ओळीत आहे."

गुरुजी चष्मा पुसत राहिले.

"तो वाचला होता ना तुम्ही?"

"वाचला की." मग चष्मा डोळ्यांवर चढवून, "जेवढा दिसत होता तेवढा."

"म्हणजे?"

"वरचा भाग चुन्याखाली होता. दौलतरावाचे वडील दर साली विहिरीला चुना मारत. खालची ओळ उघडी होती. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, हे आमच्या हिरोजीबाबांचं नाव. नाव होतं खरंच. मी लिहिलं." गुरुजींचा आवाज खाली गेला. "गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा चुन्याचा पोपडा निघाला."

"आणि?"

गोठ्यात कडब्याची पेंढी ठेवल्याचा आवाज येत होता, तो थांबला. कोणीतरी कान देऊन उभं होतं. गुरुजींनी एकदा तिकडं पाहिलं.

"थकलो मी, बाई," ते म्हणाले. "उद्या बोलू."

परतताना अर्जुनरावांच्या मनात एकच आलं. ज्याला दगड नको होता तो माणूस सापडला, पण त्या माणसाला पाण्याचा तांब्याही धड उचलवत नाही. आणि उद्या दुपारी जमादार येणार.

५

मंगळवारी सकाळी कोकिळा म्हणाली, "विहिरीपासून गाडी जाऊ शकेल अशी एकच वाट आहे. तिच्यावरून चालून पाहू."

वाट नाल्याच्या डोहाकडं उतरत होती. डोहाच्या काठी उंबराखाली साती आसरांचं ठाणं. पाण्याच्या देवी त्या, शेंदूर फासलेल्या दगडांची ओळ. कोणाचं लेकरू आजारी पडलं, कोणाची विहीर आटली की बाया दहीभात घेऊन इथं येतात. आज मंगळवार, त्यामुळं जनकाबाई सुनेला घेऊन आली होती, आणि सुनेची खरडपट्टी चालली होती.

"सातीले सात गोळे कराव लागते, हे बी सांगू का तुले? सहा करून आनले. एक माय उपाशी राह्यली ना."

"सातच केल्ते, आत्याबाई," सून आशाबाई पुटपुटली. "मोजून केल्ते."

"मंग एक काय डोहात उडी मारून गेला? माहेरी मोजनं शिकवलं नाई वाटते."

"आत्याबाई, वाटंत तुमीच तं..."

"मी खाल्ला म्हन्तं?"

अर्जुनरावांना हसू आलं. सासूसुनेच्या भांडणात पाटलानं पडू नये म्हणून ते पुढं निघाले. चार पावलं गेल्यावर कळलं, कोकिळा मागंच उभी आहे. ओळीकडे पाहत, चप्पल काढून.

"काका, इथं आसरा किती?"

"सात. साती आसरा म्हन्तेत तं किती असतीन?"

"तुम्ही मोजल्यात कधी?"

"देव कोन मोजते, बाई?"

"आज मोजा."

अर्जुनरावांनी हात जोडले आणि मनातल्या मनात माफी मागत बोटं मिटत गेले. एका हाताची बोटं संपली. दुसऱ्या हाताची तीन मिटली.

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. जनकाबाईही आता मोजत होती.

आठ.

६

उन्हं चढेपर्यंत सगळा गाव डोहावर होता. सरपंच, कडूबा, काठी टेकत आलेले गुरुजी, त्यांना दमणीतून घेऊन आलेला कचरू. अर्जुनरावांनी गनीलाही चावडीतून बाहेर काढून आणलं. सलीमा लांब उंबराच्या मुळीवर टेकली.

"आठवी माय प्रगट झाली," कोणीतरी म्हणालं, आणि दोन-चार हात जोडले गेले.

"पहा, मी शिवत नाही," कोकिळा म्हणाली. "लांबूनच पहा. सात दगडांवर वर्षानुवर्षांचा शेंदूर आहे, थरावर थर बसून टणक झालाय, त्याला भेगा पडल्यात. हा कडेचा पहा. शेंदूर ओला आहे, तेल अजून ओघळतंय. खाली थर नाही, दगडाचे कोन दिसतायत. बाकीचे गोल आहेत, नदीतले. हा घडवलेला आहे आणि तोंड मागं करून ठेवलाय."

"गनीनंच ठेवला असंन," सरपंच म्हणाले, पण कालचा जोर नव्हता.

"गनीभाऊंना दगड विकायचा असता तर त्यांनी तो शेंदूर फासून गावातच का ठेवला असता? ज्यानं ठेवला त्याला दगड नको होता, पण मोडायचाही नव्हता. त्याच्याजवळ गाडी होती. आणि गाडीला घंटा होती, नाहीतर ती बंद करायची वेळ त्याच्यावर आली नसती."

ती दमणीकडे गेली. बैलाच्या मानेवर थोपटून तिनं घंटेत बोट घातलं आणि आतला कापूस हळूहळू ओढून काढला. सरकीसकट, नुकत्याच वेचलेल्या बोंडांचा. बैलानं मान हलवली. घंटा वाजली.

कचरूनं डोक्याचा पटका काढला.

"म्या ठेवला," तो म्हणाला. "गुरुजीले काईच ठाव नाई. म्या अनपढ मानूस, पन माह्या पोट्ट्याले गुरुजीनं घरी बसवून शिकवलं, थो आज मलकापुरात मास्तर हाय. पोस्टकार्ड आलं तवापासून गुरुजी जेवत नवते. एकटेच म्हनत, थो दगड वाचला की माहं पुस्तक रद्दी. म्या म्हन्लं, दगडच नसंन तं कोन वाचंन?"

"फोडून काऊन नाई टाकला बे?" अर्जुनरावांनी विचारलं.

"अक्षराचा दगड कसा फोडू, पाटील? विहिरीत टाकाव तं पानी पेतो तिचं. मंग मायच्या वटीत ठेवला. तिथून कोनी उचलत नाई."

"आणि घंटा?"

"रातभर डोक्यात तेच होतं, घंटी वाजली तं काय. कडूबानं पुसलं न् तोंडातून तेच निंघालं." त्यानं गनीकडे पाहिलं नाही. "गनीचं नाव म्या घेतलं नाई. पन कडूबानं घेतलं तवा नाई बी म्हन्लं नाई."

तो गनीच्या पायाशी वाकला. गनी मागं सरकला.

"उठ बे. पाय सोड," तो म्हणाला. "दगड उचलाचा हाय."

जनकाबाईनं आसरांची माफी मागितली. मग गनी आणि कचरूनं मिळून दगड उचलला, अर्जुनरावांनी टोकाला हात लावला, आणि तो नाल्याच्या वाळूत उताणा ठेवला. पुढच्या बाजूला शेंदूर नव्हता. कोकिळेनं ओला कागद पसरला, कुंचल्यानं ठोकून बसवला, वरून शाईची पुरचुंडी फिरवली. काळ्या कागदावर पांढरी अक्षरं उमटायला लागली. ती वाचत होती आणि सरपंच तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

"सोमाजीची लेक चिमाई. हिनं ही पाण्याची वाट बांधली." ती थांबली. "खाली: साक्ष हिरोजी देशमुख."

"म्हन्जे?" दौलतराव म्हणाले.

"म्हणजे तुमच्या हिरोजीबाबांचं नाव आहेच. त्यांनी विहीर बांधली नाही. बांधताना पाहिली."

दौलतराव पुन्हा कागदावर वाकले. कडूबा हळूच म्हणाला, "चांगलं हाय ना, सरपंच. त्याईनं निदान पाह्यलं तरी."

हशा पिकला, आणि दौलतरावही ओशाळून हसले. गुरुजी मात्र कागदापाशी खाली बसले होते. चिमाईच्या नावावर बोट ठेवून.

"दोन वर्षं हे नाव मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "बाई, तुझ्या प्रबंधात माझ्या पुस्तकाचं नाव घाल. त्याखाली लिही की मास्तरानं अर्धा दगड पाहून पूर्ण लिहिलं."

"तुमच्या पायऱ्या आणि झरेही लिहीन," कोकिळा म्हणाली. "ते तुमच्याशिवाय कोणी पाहिलेच नव्हते."

गुरुजींनी कचरूचा हात धरला आणि उठले. त्याच्या खांद्यावर भार टाकून दमणीपर्यंत गेले.

७

जमादार दुपारी आले तेव्हा गनी विहिरीच्या मधल्या टप्प्यावर कोनाडा साफ करत होता. अर्जुनरावांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. जमादारांनी चहा घेतला, कचरूला दम भरला, आणि सायकल फिरवली.

दगड बसला. मागच्या बाजूचा शेंदूर काही निघाला नाही, तो भिंतीकडं गेला. आशाबाईनं घरी जाऊन एक गोळा आणला आणि चिमाईपुढं ठेवला. सासूनं मोजला नाही.

गनी हत्यारं बांधत होता. अर्जुनराव म्हणाले, "झालं ना, गनी. सुटला तू."

"सुटलो, पाटील." गनीनं छिन्नी फडक्यात गुंडाळली. "पन आज सकाळी मंगळवारच्या बाजाराले जानारे लोक हे ऐकून गेले. अथून संग्रामपूर, तथून टुनकी, वरवट. गनी चोर हाय म्हनून गोष्ट दहा गावात गेली. थे वापस आनाले कोनती गाडी पाठवता?"

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी अर्जुनराव गनीच्या दारात उभे राहिले. काठी, उपरणं, पायात वहाणा. सलीमानं चहा पुढं केला, तो उभ्यानंच घेतला.

पुढं तीन आठवडे लोकांनी एक नवल पाहिलं. गाढवावर छिन्नी-हातोडा लादून गनी टाकीवाला पुढं, आणि मागं उमरटेकचे पोलीस पाटील. गनी गल्लीत आरोळी द्यायचा. दार किलकिलं व्हायचं, बाई आधी गनीला बघायची, मग मागं उभ्या माणसाला.

पहिल्याच दिवशी संग्रामपूरच्या एका आळीत एक म्हातारी दारातूनच म्हणाली, "नोको रे बाबा. तू थो दगडचोर ना? आमी ऐकलं."

"कोनाकडून ऐकलं, माय?" अर्जुनरावांनी विचारलं.

"सारं गावच म्हन्ते."

अर्जुनरावांनी तिच्यापुढं उजवा हात उघडला. दगड उचलताना त्यांनीही टोकाला हात लावला होता. नखांच्या कडेला शेंदूर अजून लाल होता.

"गावानं ऐकलं," ते म्हणाले. "मी पाह्यलं. बसू दे त्याले, सांगतो."

म्हातारीनं त्यांच्या हाताकडं पाहिलं, मग गनीकडं. मग दार पुरतं उघडून आत गेली, आणि थोड्या वेळानं आतून जात्याची तळी ओढत आणल्याचा घरघराट ऐकू आला. गनीनं हत्यारांचं फडकं सोडलं.